मेक्सिकोच्या कोपऱ्यावरचा तवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



बँकेच्या तपासणी खात्यात मी एकतीस वर्षं काढली. त्यातली निम्मी तरी फिरतीवर गेली असतील. एस.टी.तून नव्या गावात उतरलं, की पहिला प्रश्न शाखा कुठे हा नसायचा, जेवायचं कुठे हा असायचा. याचं उत्तर मला एका ड्रायव्हरनं शिकवलं होतं. ‘साहेब, पाटी वाचू नका,’ तो म्हणाला होता, ‘गिऱ्हाईक वाचा. त्याच गावची माणसं उभ्यानं खात असतील, तर तुम्हीही उभे राहा.’ या एका वाक्यावर मी सगळी नोकरी निभावली आणि पोट कधी बिघडलं नाही.

त्यामुळे २०२४ च्या जूनमध्ये आम्ही दोघं लेकीकडे मेक्सिको सिटीला निघालो, तेव्हा खाण्याची चिंता मला नव्हती. ती आमच्या हिला होती. तिचं माहेर पंढरपूरजवळचं. लहानपणापासून गळ्यात तुळशीची माळ. मी माळ घातलेली नाही. रविवारी मटण खाऊन येतो आणि ती मला दारातच चूळ भरायला लावते, असा आमचा चाळीस वर्षांचा तह आहे. तो तह मेक्सिकोत मोडायची वेळ आली, ती कशी, हे पुढे सांगतो. आधी खाण्याचं सांगतो.

तिथं पोचल्यावर मला पहिली गोष्ट कळली ती उच्चाराची. आपण इथे ‘टाको’ म्हणतो. तो ताको आहे. ताटातला त. मक्याची हातभर नव्हे, तळहाताएवढी भाकरी, तिचं नाव तोर्तिया. तिच्यावर काहीतरी गरम ठेवायचं, कांदा-कोथिंबीर भुरभुरायची, लिंबू पिळायचं, दुमडायचं आणि मान तिरकी करून खायचं. मान तिरकी केली नाही, तर रस्सा शर्टावर. मुंबईच्या मॉलमध्ये मिळतो तो कडकडीत, बोटीसारखा वाकवलेला टाको मला त्या शहरात महिनाभरात एकदाही दिसला नाही.

दुसरी गोष्ट कळायला एक दिवस लागला. एक ताको फार नावाजलेला आहे. त्याला ‘अल पास्तोर’ म्हणतात. डुकराच्या मांसाचे पातळ काप लाल मसाल्यात मुरवून उभ्या सळईवर एकावर एक रचतात, बाजूनं जाळ, वर अननसाची फोड. गोल फिरत भाजलेला वरचा थर सुरीनं तासून तोर्तियावर पाडायचा. त्या रचलेल्या ढिगाऱ्याला ते ‘त्रोम्पो’ म्हणतात. त्रोम्पो म्हणजे भोवरा, आणि तो दिसतोही अगदी तसाच, वर रुंद आणि खाली निमुळता. मी सकाळी अकरा वाजता न्याहारीचा विचार करून त्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. आतला पोरगा फरशी पुसत होता. त्यानं घड्याळ दाखवलं आणि आठ बोटं वर केली. रात्री आठ!

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ‘कुठे’ विचारत होतो, आणि तिथं ‘केव्हा’ हे विचारावं लागतं. त्या शहराच्या रस्त्यावर प्रत्येक पदार्थाचा पहारा ठरलेला आहे. पहाटे मेट्रो स्थानकाच्या तोंडाशी मोठी वाफाळती पिंपं येतात. त्यांत तामाल असतात, म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेले मक्याच्या पिठाचे मुटके. कामावर निघालेला माणूस तो तामाल चक्क पावात घालून घेतो आणि वर मक्याची गरम पेज पितो. पिठात पीठ! मी हसलो, तर जावई म्हणाले, ‘बाबा, आपण पावात बटाटेवडा घालतोच की.’ मी गप्प बसलो. नऊनंतर सायकलवाले येतात. मागे मोठी टोपली, तिच्यात निळं प्लॅस्टिक आणि कापड गुंडाळून घाम फुटलेले मऊ ताको. दुपारी एकपर्यंत टोपली रिकामी, सायकल गायब. रविवारची सकाळ मटणाची. घायपाताची जाड पानं अंथरलेल्या खड्ड्यात रात्रभर भाजलेलं मटण आणि त्याच्याखाली जमलेला रस्सा. तो रस्सा मी प्यालो आणि मला थेट आमच्या मिरजेची आठवण झाली, याहून मोठं प्रशस्तिपत्र माझ्याजवळ नाही. संध्याकाळी पुन्हा तामाल. रात्री भोवरा. तोही दोन वाजेपर्यंत.

वेळ चुकवून गेलात, तर तो पदार्थ मिळेल, नाही असं नाही. पण तो प्रवाशांसाठी मांडून ठेवलेला मिळेल. तिथल्या माणसांसाठी केलेला हवा असेल, तर ती माणसं ज्या वेळी खातात त्याच वेळी रस्त्यावर असायला पाहिजे.

आणि कान उघडे ठेवायला पाहिजेत. आकाशवाणीवर बोलतो आहे म्हणून म्हणत नाही, पण हे शहर ऐकूनच समजतं. सुऱ्यांना धार लावणारा बासरीसारखी शीळ घालत जातो. कचऱ्याच्या गाडीपुढे माणूस घंटा वाजवत चालतो. तामालवाल्याच्या सायकलवर कर्णा असतो आणि त्यावर एकच ध्वनिमुद्रित हाळी, साऱ्या शहरात तीच, नाकात बोललेली. पहिल्या रात्री आमची ही दचकून उठली होती. आठवड्यानं ती हाळी ऐकून म्हणू लागली, ‘साडेआठ झाले.’

स्वच्छतेबद्दल लोक विचारतात. माझे ठोकताळे साधे होते. पैसे घेणारा हात आणि अन्नाला लागणारा हात वेगळा आहे का, ते बघायचं. बऱ्याच गाड्यांवर एकटाच माणूस असतो. मग तो पैसे घेताना हातात प्लॅस्टिकची पिशवी चढवतो. बशीवरसुद्धा पातळ पिशवी चढवलेली असते. तुमचं झालं की पिशवी काढून टाकतात आणि दुसऱ्याला नवी. वाया जाणाऱ्या प्लॅस्टिकचं वाईट वाटतं, पण जिथे नळाचं पाणी कोणी पीत नाही तिथे बशी धुण्यापेक्षा हे बरं. आणि तवा तापलेला, गर्दी हलती, एवढं असलं की मी निर्धास्त. माझं पोट एकदाच बिघडलं, ते एका वातानुकूलित उपाहारगृहात हिरव्या पानांची कोशिंबीर खाऊन.

तिखटाबद्दल एक शब्द. आपल्याला तिखटाचा गर्व असतो. त्यांनी विचारलं, लाल घालू की हिरवी? मी लाल म्हणजे जास्त तिखट समजून सांभाळून हिरवी घेतली. पुढची दहा मिनिटं मी त्या चौकातल्या पुतळ्यासारखा उभा होतो. मिरची त्यांच्याकडून आपल्याकडे आली, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते त्या दिवशी पटलं.

आता तहाची गोष्ट.

पहिले पाच दिवस आम्ही सकाळी घराजवळच्या एका उपाहारगृहात जात होतो. तिथे राजम्यासारख्या काळ्या घेवड्याची परतून घोटलेली उसळ मिळे. सोबत तोर्तिया. लेकीनं पहिल्याच दिवशी वाढप्याला विचारलं होतं, शाकाहारी ना? तो म्हणाला होता, हो, हो. हिला ती उसळ फार आवडली. म्हणाली, ‘आपल्या पिठल्यासारखी पोटाला बसते.’ रोज तीच मागवायची.

दुसऱ्या दिवशी हात धुवायला गेलो असताना मला स्वयंपाकघराचं दार उघडं दिसलं. आचाऱ्यानं एका डब्यातून पांढऱ्याशुभ्र गोळ्याचा डाव भरून घेतला आणि कढईत सोडला, वर घेवडा ओतला. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मान्तेका’. माझा एक गोव्याचा सहकारी होता. त्याच्याकडून मला माहीत होतं, की पोर्तुगीजमध्ये ‘मांतेगा’ म्हणजे लोणी. दोन्ही भाषा बहिणी. मी स्वतःशी म्हटलं, लोणी असेल. पण खरं सांगतो, मला तो वास लोण्याचा वाटला नाही. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्यांमधल्या चुका पकडल्या. एखादा आकडा बरोबर नाही, हे मला बघताक्षणी कळतं. मला कळलं होतं. पण हिला सांगितलं, तर महिनाभर ती केळी आणि चहा यांवर राहील, लेक रडेल, सगळी सहल बेचव होईल. म्हणून मी लोणी आहे असं ठरवून टाकलं आणि जागेवर येऊन बसलो.

सहाव्या दिवशी मेट्रो स्थानकाबाहेर एक बाई दिसली. जमिनीवर शेगडी, तिच्यावर भलामोठा पत्र्याचा तवा. तव्याला ते कोमाल म्हणतात. बाजूला परातीत निळसर पीठ. हो, निळं, त्यांच्याकडे निळा मका होतो. ती पिठाचा गोळा घेऊन त्याच्यात घेवड्याचं पुरण भरत होती आणि तळहातांवर थापटून त्याला हातमागाच्या धोट्याचा आकार देत होती, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. याला ‘त्लाकोयो’ म्हणतात. तव्यावर कोरडाच भाजायचा. वर निवडुंगाची भाजी. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंग असतो ना, त्याचीच कोवळी पानं काटे काढून, चिरून शिजवलेली. तो निवडुंग त्यांच्या राष्ट्रध्वजावर आहे आणि त्यांच्या ताटातही.

आमची ही तिथंच थांबली. थापण्याचा आवाज ऐकून थांबली, असं तिनं नंतर सांगितलं. भाकरी थापण्याचा आवाज. तिनं मला विचारलं, ‘मक्याचं पीठ असून कडा कशा चिरत नाहीत हो हिच्या? उकड काढली असेल.’ लेकीनं विचारलं. त्या बाईनं उकड नव्हे, तर एक पांढरा खडा दाखवला. चुना! आपल्या पानाच्या डब्यातला चुना. रात्री मका चुन्याच्या पाण्यात शिजवून तसाच भिजत ठेवायचा, सकाळी चोळून साल काढायची, धुवायचा आणि ओला दळायचा. त्याला ‘निश्तामाल’ म्हणतात. त्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, आणि मक्यात अडकून पडलेलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. मका पुढे युरोपात गेला, पण चुन्याची युक्ती मागेच राहिली. तिथली गरीब माणसं नुसत्या मक्यावर राहिली आणि पेलाग्रा नावाच्या रोगानं पिढ्यान् पिढ्या आजारली. मेक्सिकोतल्या बायकांना हे रसायनशास्त्र हजारो वर्षांपूर्वीपासून हाताला माहीत होतं.

हिनं दोन त्लाकोयो मागितले. लेक सहज म्हणाली, आईला मांस चालत नाही. त्या बाईनं हात थांबवला. हिच्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं, मग घेवड्याच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि मान हलवली. ‘मान्तेका,’ ती म्हणाली. लेकीचा चेहरा उतरला. ‘आई, तिच्या घेवड्यात चरबी आहे. डुकराची.’

मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. लोण्याचा शब्द वेगळा आहे.

हिनं एवढंच विचारलं, ‘मग आपण रोज खातो ती?’ कोणी बोललं नाही. तिनं माळ हातात धरली आणि घराच्या दिशेनं चालू लागली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दोन केळी खाल्ली. भांडण नाही, शब्द नाही. लेक मला म्हणाली, ‘बाबा, आपल्याला कसं कळलं नाही?’ मी म्हणालो, ‘हो ना.’

तिसऱ्या दिवशी ही स्वतःच म्हणाली, चला त्या बाईकडे. मला वाटलं, जाब विचारायला. तर म्हणाली, ‘तिचं गिऱ्हाईक गेलं असतं, तरी ती बोलली. तिच्या हातचं खायचं असेल, तर निश्चिंत खाता येईल.’

तिथून आमची खरी शोधाशोध सुरू झाली. प्रत्येक गाडीपुढे उभं राहून एकच शब्द विचारायचा, मान्तेका? हा प्रश्न विचारत फिरताना एक मजेची गोष्ट हाताला लागली. डुक्कर मेक्सिकोत स्पॅनिश लोकांनी आणलं. १५२१ मध्ये त्यांनी अझ्टेकांची राजधानी घेतली. तिच्याच जागी आजची मेक्सिको सिटी उभी आहे. त्याआधी तिथं डुक्कर नाही, गाय नाही, म्हणून तळण नाही आणि चीजही नाही. तेव्हाचं अन्न भाजलेलं, उकडलेलं किंवा वाटलेलं. म्हणजे हिच्यासाठी चरबी नसलेला पदार्थ शोधायला गेलो, की आम्ही आपोआप पाचशे वर्षांपूर्वीच्या थराशी येऊन पोचायचो. कोरड्या तव्यावरचा त्लाकोयो. निवडुंग. माठाच्या जातीच्या पालेभाज्या. घोळ, हो, आपली घोळूची भाजी. पावसाळ्यात भोपळ्याची फुलं. कणसावरची काणी, जिच्यामुळे आपला शेतकरी कपाळाला हात लावतो, ती काळी बुरशी ते चवीनं परतून खातात. ती मी खाल्ली. हिनं ‘रोग खाणार नाही’ म्हणून नकार दिला.

आठवड्याच्या बाजाराला ते ‘तियांगिस’ म्हणतात. शब्दही जुन्या नाहुआत्ल भाषेतला, स्पॅनिशच्या आधीचा. रस्त्यावर लाल-गुलाबी ताडपत्र्या ताणून दिवसापुरता भरणारा बाजार. आठवडी बाजारात वाढलेल्या माणसाला तिथं भाषा लागत नाही. एका ठेल्यावर लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत होतं, शेजारी चिंचेचं. अंबाडी आणि चिंच मूळची त्यांची नव्हे, समुद्रापलीकडून तिथं गेलेली. आपण त्यांची मिरची घेतली, त्यांनी चिंच घेतली. विक्रेत्या बायका हिला ‘ग्वेरिता, ग्वेरिता’ म्हणून हाका मारत होत्या. अर्थ विचारला. गोरटेली! गिऱ्हाईक कोणत्याही रंगाचं असो, त्याला गोरंच म्हणायची तिथली रीत. आमची ही सावळी. साठाव्या वर्षी तिला ही पदवी मिळाली आणि ती लाजली.

१७ जुलैला आषाढी होती. इकडे पंढरपुरात चंद्रभागेला पूर आलेला माणसांचा, आणि आम्ही साडेअकरा तास मागे, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला. हिचा उपास. मला वाटलं, आज फळांशिवाय काही नाही. दुपारी चौकात एक म्हातारा टोपली घेऊन बसला होता. टोपलीत वड्या. राजगिऱ्याच्या! लाह्या मधात-पाकात थापलेल्या, वर शेंगदाणे. तिथं त्यांना ‘आलेग्रिया’ म्हणतात. आलेग्रिया म्हणजे आनंद. शेजारी निव्वळ शेंगदाण्याची चिक्की. राजगिरा अझ्टेक लोकांना इतका पवित्र, की त्याच्या पिठात देवांच्या मूर्ती घडवायचे. म्हणून स्पॅनिश पाद्र्यांचा त्याच्यावर डोळा. तो टिकून राहिला तो असा, टोपल्यांमधून.

राजगिरा, शेंगदाणा, रताळं, बटाटा, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद. आपलं उपासाचं बरंचसं ताट अमेरिका खंडातून आलेलं आहे. ज्ञानेश्वरांच्या काळी, तेराव्या शतकात, यातलं आपल्याकडे काहीही नव्हतं. हे मी हिला सांगितलं. ती वडी खात म्हणाली, ‘म्हणजे उपासाला मी माहेरीच आले म्हणायची.’

संध्याकाळी अंधार पडता पडता गल्लीत शिट्टी झाली. लांबलचक, किंचाळणारी, शेवटी खाली घसरणारी. आम्ही गॅलरीत बसलो होतो. ही ताडकन उठली. ‘बार्शी लाइट!’ मिरजेहून पंढरपूरमार्गे जाणारी ती छोट्या रुळांची आगगाडी. तिचं वाफेचं इंजिन असंच ओरडायचं, हिच्या माहेरच्या शेताच्या कडेनं. आम्ही दोघं जिना उतरून धावलो. खाली एक हातगाडी. गाडीवर पत्र्याची भट्टी, धुराडं, आत लाकडाचा जाळ. भट्टीची वाफ शिट्टीतून सोडतात, तीच हाळी. भट्टीचा खण ओढला, तर आत भाजलेली रताळी. मऊ, सालीतून पाक सुटलेला. हिनं दुधाची साखर घातलेली धारसुद्धा नको म्हटलं. नुसतं रताळं.

पावसाची भुरभुर होती. आम्ही एका दाराच्या आडोशाला उभ्यानं खात होतो. का कोण जाणे, मला तेव्हाच बोलावंसं वाटलं. मी म्हणालो, ‘तो डबा मी दुसऱ्याच दिवशी बघितला होता.’ ती खात राहिली. मी गोव्याचा सहकारी, लोणी, सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘वास आला होता ना तुम्हाला?’ मी हो म्हणालो. रताळं संपेपर्यंत ती काही बोलली नाही. मग साल कागदात गुंडाळून म्हणाली, ‘यापुढे तुम्ही विचारायचं. लेकीनं नाही. तुम्ही.’

तेव्हापासून प्रत्येक गाडीवर मी विचारू लागलो. माझं स्पॅनिश एवढ्या एका प्रश्नापुरतं अगदी अस्खलित झालं.

माझ्या भोवऱ्याचं सांगायचं राहिलंच. एका रात्री आठला गेलो आणि खाल्ला. ही अननसाचा रस घेऊन दोन हात लांब उभी. तो अल पास्तोर म्हणजे मुळात लेबनॉनकडच्या स्थलांतरितांनी नेलेला शवर्मा. १९३० च्या दशकात प्वेब्ला शहरात त्यांनी तो सुरू केला. पुढे मेंढीच्या जागी डुक्कर आलं, पावाच्या जागी तोर्तिया आली आणि मसाल्यात तिथली मिरची मिसळली. काही अभ्यासू प्रवासी म्हणतात, तो खरा मेक्सिकन नव्हे. मग बटाटेवडाही खरा मराठी नव्हे. बटाटा परका, मिरची परकी आणि पावही पोर्तुगीजांचा. सुरीच्या एका फटक्यात वरच्या अननसाचा तुकडा उडवून तो पोरगा तळहातावरच्या ताकोत झेलतो, ते पाहिल्यावर असले वाद सुचत नाहीत. २०२४ च्या मेमध्ये तिथल्या एका चिमुकल्या ताकोच्या दुकानाला मिशेलिनचा तारा मिळाला. आम्ही त्याच्यावरून गेलो, तेव्हा परदेशी पाहुण्यांची रांग कोपरा वळून गेली होती. ताको उत्तमच असेल, पण माझ्या ड्रायव्हरच्या नियमात ती रांग बसत नव्हती.

खाणाऱ्यांची एक रीत मला फार आवडली. गाडीवरून निघताना माणूस उरलेल्या अनोळखी लोकांना ‘प्रोवेचो’ म्हणतो. पंगतीत आपण म्हणतो ना, ‘सावकाश होऊ द्या’, तेच. आणि दुसरी रीत हिशेबाची. उभ्यानं खाताना कोणी चिठ्ठी लिहीत नाही, मोजत नाही. खाऊन झालं की विक्रेता विचारतो, किती झाले? तुम्ही सांगाल तो आकडा. तपासनीस म्हणून मी याला कधीच मान्यता दिली नसती. पण पंचवीस-तीस माणसांच्या गर्दीत मी ते रोज चाललेलं पाहिलं.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही मेट्रोजवळच्या त्या बाईकडे गेलो. लेकीनं आदल्या दिवशी तिला सांगितलं होतं, की उद्या आई-बाबा परत जाणार. आम्हाला बघताच तिनं तव्याचा अर्धा भाग कापडानं पुसला आणि पिशवीतून एक लहान डबा काढला. त्यात घेवडा होता, घरून वेगळा शिजवून आणलेला. मी माझा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, त्याआधीच ती म्हणाली, ‘सिन मान्तेका.’ चरबीशिवाय.

ही शेगडीजवळच्या स्टुलावर बसून खात होती. मधेच उठली, परातीतला गोळा घेतला आणि भाकरीसारखा थापून दाखवला. त्या बाईनं तो बघितला, हसली आणि पुन्हा आपल्या आकारात वळून तव्यावर टाकला.

झालं. मी पाकीट काढलं. बाईनं विचारलं, किती झाले?

हिनं तीन बोटं वर केली. मी म्हणालो, चार.

हिनं माझ्याकडे बघितलं. ‘पाच,’ ती म्हणाली. ‘मी मोजलेत.’